माहेरी गेली, म्हणजे पूर्ण

१९८७ साली माझ्या हुद्द्याचं नाव 'कॉम्प्युटर' होतं. त्या नावाचं यंत्र आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आरोग्य केंद्रात आकड्यांच्या बेरजा मारणाऱ्या बाबूलाच सरकार त्या नावानं पगार देत असे. केंद्राचं नाव सांगत नाही, तिथे अजून माणसं नोकरीला आहेत. पांढुर्णा आणि सौंसरच्या मधे कुठेतरी होतं, एवढं पुरे. मी मोरेश्वर, पांढुर्ण्याचा, बी.कॉम. आणि डोक्यानं तापट. त्या तापटपणाचा मला तेव्हा अभिमानही होता. चुकीची बेरीज दिसली की मी पेन आपटायचो, समोरची नर्स गप्प व्हायची, आणि मला वाटायचं की यालाच काम करून घेणं म्हणतात.

त्या वर्षी लसीकरणाचा नवा कार्यक्रम आला आणि त्याच्या शेपटाला चार पानी नवा मासिक फॉर्म आला, अर्थातच हिंदीत. तो शिकून यायला मला तीन दिवस छिंदवाड्याला पाठवलं. तिथे मला काय शिकवलं, तर कोणत्या रकान्यातून कोणता रकाना वजा करायचा. सुई का देतात, कधी देतात, दिली नाही तर काय होतं, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. परत आल्यावर आमच्या सहा नर्सना शिकवायला मला एक अख्खा दिवस मिळाला होता. मी तो अर्ध्यातच उरकला आणि डॉक्टर साहेबांना तसं मिरवूनही सांगितलं.

त्या सहाजणींत चंद्रकलाबाई गजभिये होत्या. तिगावकडची पाच गावं त्यांच्याकडे, नोकरी तेरा वर्षांची. पांढुर्ण्यातच बौद्धांच्या मोहल्ल्यात घर, नवरा देवीदास कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. मी रकाने समजावून संपवले, खडू खाली ठेवला, आणि मागच्या बाकावरून त्यांनी हात वर केला.

त्यांचा प्रश्न समजायला आमच्याकडची रीत माहीत हवी. जन्मल्यावर बाळाला धनुर्वात होऊ नये म्हणून गरोदर बाईला त्याच्या दोन सुया द्यायच्या, मधे एक महिना सोडून. पहिलटकरीण असेल तर सातव्या महिन्यात ओटी भरतात आणि बाई माहेरी जाते. म्हणजे पहिली सुई सासरी होते, आणि दुसरीची वेळ येते तेव्हा बाई गावात नसते. माहेरच्या गावची नर्स तिला शोधत नाही, कारण नर्सच्या यादीत गावच्या सुना असतात, आलेल्या लेकी नसतात. या भोकाला आमच्या नर्सनी कुणाला न विचारता आपसांत ठिगळ लावलं होतं. बाई माहेरी निघाली की एक चिठ्ठी लिहायची, नाव, कितवा महिना, एक सुई झाली, आणि ती बसच्या कंडक्टरजवळ किंवा बाजाराला निघालेल्या कुणाजवळ द्यायची. दोन-चार दिवसांत चिठ्ठी पलीकडच्या नर्सला पोचायची. नियमात हे कुठेच नव्हतं, पण वर्षानुवर्षं चाललं होतं.

"बाबूजी," चंद्रकलाबाई म्हणाल्या, "जे बाई एक सुई घेऊन माहेरी जाते, तिले कोन्या रकान्यात लिवू?"

या सुईचे रकाने तीन होते, पहिली सुई, पूर्ण आणि शेष, म्हणजे बाकी राहिलेल्या. मी म्हटलं, शेषमध्ये. त्यावर त्यांनी सरळपणे विचारलं की मग ती दर महिन्याला शेषमध्येच राहील, पोर चार महिन्यांचं होईपर्यंत ती काही परत येत नाही, तर पुढच्या महिन्याची वजाबाकी कशी बसायची. ती बसणार नव्हती. त्यांचं खरं होतं आणि ते माझ्या तिथल्या तिथे ध्यानात आलं. मला माहीत नाही, छिंदवाड्याला विचारून सांगतो, एवढं म्हणालो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती. पण फळ्यापाशी उभ्या माणसाला ते म्हणवत नाही, निदान मला म्हणवलं नाही.

"गावातून गेली म्हंजे तुमच्याकडून पूर्ण झाली," मी म्हटलं. "पूर्णात टाका. आन् थ्या चिठ्ठ्या-बिठ्ठ्या आता बंद करा. जे रिपोर्टात नाही, थे काम नाही."

एवढ्यावर थांबलो नाही. तेरा वर्षं नोकरी करून तीन रकाने कळत नसतील तर तेरा वर्षं काय करत होता, असंही बोललो. दोघी हसल्या. चंद्रकलाबाई खाली बसल्या. बाकीच्या माना खाली घालून माझं वाक्य वहीत उतरवत होत्या. हात वर करणारी बाई दुसऱ्या कुण्या घरची असती तर मी एवढं बोललो असतो का, याचं उत्तर मला ठाऊक आहे आणि त्याची मला लाज वाटते.

पुढचे चार-पाच महिने माझे फार चांगले गेले. आमचा रिपोर्ट पाच तारखेच्या आत जायचा, खाडाखोड नाही, प्रत्येक बेरीज चोख. शेषचा रकाना तर इतका रिकामा की छिंदवाड्याच्या बैठकीत साहेबांनी आमचा कागद बाकीच्या केंद्रांना दाखवला. परतीच्या बसमध्ये डॉक्टर साहेबांनी मला खिडकीची जागा दिली होती.

फेब्रुवारीत जिल्ह्याच्या ऑफिसात एक अर्ज आला. अर्जदार रामाकोन्याचे निवृत्त शिक्षक मोतीराम गुरुजी. त्यांची मुलगी मीना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ नवव्या दिवशी धनुर्वातानं गेलं. गुरुजींनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की माझ्या मुलीला एकच सुई मिळाली, मात्र तिच्या सासरी जाऊन पाहिलं तर सरकारी रजिस्टरात ती पूर्ण आहे. हे कसं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मीनाचं सासर चंद्रकलाबाईंच्या गावांपैकी होतं.

जिल्ह्याचा अधिकारी आला आणि चौकशीला माझंच टेबल दिलं गेलं. रजिस्टर उघडलं. मीनाच्या नावापुढे सुईची तारीख एकच, आणि शेरा 'पूर्ण'. अधिकाऱ्यानं विचारलं की एक सुई देऊन पूर्ण कसं लिहिलं. चंद्रकलाबाई म्हणाल्या, मीनाला मी तोंडी सांगितलं होतं की दुसरी सुई माहेरी घे, पण तिकडे कुणी तिच्या घरी गेलं नाही, आणि पूर्ण लिहायला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझं नावही घेतलं नाही. मग अधिकाऱ्यानं मला विचारलं की तुम्ही असं शिकवलं का.

मी म्हटलं, साहेब, फॉर्म जसा छापला आहे तसा मी शिकवला.

या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता, ते मी फार बेतून बोललो होतो. अधिकाऱ्यानं मान डोलावली आणि पुढचा कागद घेतला. बाकीच्या पाच नर्स दाराशी उभ्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं. आठ दिवसांत चंद्रकलाबाई निलंबित झाल्याचा हुकूम आला. तो त्यांना द्यायचं काम माझ्याकडेच होतं. पोचपावतीवर त्यांनी सही केली, माझं पेन मला परत दिलं आणि गेल्या.

मार्चभर मी काम केलं असं म्हणायचं. आकडे लिहायचो आणि हात थांबायचा. बायको, सुनंदा, विचारायची की तब्येत बरी नाही का, तर तिच्यावरच डाफरायचो. मला वाटायचं की चंद्रकलाबाईंनी यावं, चार शिव्या घालाव्यात, म्हणजे मी मोकळा होईन. त्या कशाला येतात? शेवटी एप्रिलच्या पहिल्या रविवारी मीच त्यांच्या घरी गेलो.

देवीदासनं मला खाट टाकून दिली आणि स्वतः बाहेर निघून गेला. चंद्रकलाबाईंनी पाणी आणून ठेवलं. माझं चुकलं, मी खरं बोलायला हवं होतं, असं मी म्हणालो, आणि मला रडू आलं. चांगला तिशीतला बाप्या मी, त्यांच्या ओसरीवर रडलो. त्यांनी मला थांबवलं नाही. माझं रडून झाल्यावर त्या बोलल्या.

"माझ्या नावानं कायले रडून राहिले, बाबूजी? मी त्या दिवशी विचारलं नसतं तं बरं झालं असतं. मी आपली चिठ्ठ्या देत राहिली असती, बाकीच्या पाच जनीबी देत राहिल्या असत्या. मी विचारलं, तुमी सांगतलं, आन् आमी सहाच्या सहा जनींनं थेच लिवलं. एका गुरुजीनं अर्ज केला म्हनून तुमाले एक पोट्टं दिसलं. बाकीच्या रजिस्टरात अशा किती बाया हाय, थे पाहिलं का?"

मी पाहिलं नव्हतं. महिनाभर मी फक्त स्वतःकडे बघत होतो.

सोमवारी बाकीच्या पाचही नर्सची रजिस्टरं काढली. शोधायला काहीच कठीण नव्हतं. जिच्या नावापुढे तारीख एक आणि शेरा 'पूर्ण', ती बाई माहेरी गेलेली. पाच रजिस्टरांत अशा तेहतीस. मीना सोडून चंद्रकलाबाईंच्या आठ. एकूण एकेचाळीस बाया, आणि त्यांतल्या कित्येकींचे दिवस भरत आलेले होते. पण त्या कुठे गेल्या ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. रिपोर्टाबाहेरचं काही लिहू नका, हा हुकूम माझाच. लीलाबाईंना विचारलं. त्या सगळ्यांत मोठ्या, सौंसरकडच्या गावांच्या नर्स. म्हणाल्या, बाबूजी, सगळ्या पूर्ण हाय, पाहा ना, लिवलंच हाय. वत्सलाबाईंना विचारलं, त्यांचंही तेच. एक सुई देऊन पूर्ण लिहिलं असं कबूल करणाऱ्या बाईचं काय होतं, हे त्या सगळ्यांनी दाराशी उभ्या राहून पाहिलं होतं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही बोललो नसतो.

म्हणजे आधी मला तोंड उघडावं लागणार होतं. डॉक्टर साहेब माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला की चौकशी संपलेली आहे, तुला काय बोलायचं ते बायांना तोंडी बोल, कागदावर कशाला घालतोस, नोकरी लहान आहे तुझी. मला हे पटावंसं वाटलं. दोन दिवस मी ते स्वतःला पटवत बसलो, हेही सांगून टाकतो. तिसऱ्या दिवशी लिहिलं, की माहेरी गेलेल्या बाईला पूर्ण म्हणून दाखवा आणि चिठ्ठ्या बंद करा, असं प्रशिक्षणात मी सांगितलं, श्रीमती गजभिये यांनी शंका विचारली असता त्यांचा अपमान करून त्यांना गप्प केलं, आणि चौकशीत मी ही गोष्ट लपवली. एक प्रत जिल्ह्याला टाकली आणि दुसरी महिन्याच्या बैठकीत पाच नर्ससमोर वाचली.

वाचून झालं. लीलाबाईंनी तो कागद माझ्या हातून घेतला, खालची सही बघितली, शिक्का बघितला. मग कागद वत्सलाबाईंकडे दिला. मग म्हणाल्या, लिवा. सून कुणाची, लेक कुठली, कितवा महिना, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. त्यांचं संपायच्या आत वत्सलाबाई सुरू झाल्या. चंद्रकलाबाईंच्या आठ जणींचे पत्ते त्यांनी देवीदासच्या हाती लिहून पाठवले होते. तासाभरात माझ्याजवळ एकेचाळीसपैकी एकोणचाळीस बायांचे माहेरचे पत्ते होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की मी ज्यांना शिकवायला उभा राहिलो होतो, त्यांना काय काय येत होतं.

जवळच्या गावांना नर्स आपापल्या गेल्या. लांबची अकरा नावं उरली. अनोळखी बाईला कितवा महिना ते मी पुरुषानं विचारणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी पुन्हा चंद्रकलाबाईंच्या दारात गेलो. त्या निलंबित होत्या, सुई टोचायचा अधिकार नव्हता. त्यांना परत घेतल्याचा कागद यायला पुढे सहा महिने लागले, आणि मला पुन्हा कुणी शिकवायला बोलावलं नाही, ते बरंच झालं. तरी त्या आल्या. घरं त्या शोधायच्या, बाईशी त्या बोलायच्या, मी तिथल्या नर्सला आणायला जायचो. दहा घरं झाली. सात जणींना वेळेत सुई मिळाली. तिघी बाळंत झालेल्या होत्या आणि तिन्ही बाळं धडधाकट होती. तिसऱ्या घरी पाळण्यातलं पोर बघून मी इतका खूश झालो की घरच्यांना ते विचित्र वाटलं असेल.

अकरावं नाव वंदना. सासर लीलाबाईंच्या गावी, सौंसरजवळ, माहेर पांढुर्ण्याच्या पलीकडे संत्र्याच्या बगिच्यांतलं एक लहान गाव. आम्ही सकाळी पोचलो. ओसरीवर पाळणा नव्हता. वंदनाच्या आईनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि न विचारताच सांगितलं. पोरगा झाला होता. सातव्या दिवशी अंगात आकडी आली, आठव्या दिवशी गेला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. कुठे नोंद नाही, अर्ज नाही. या घरात अर्ज लिहिणारे गुरुजी नव्हते.

वजाबाकी हाच माझा धंदा. चौकशीपासून मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चार आठवडे होतात. चौकशीच्या दिवशी मी एक वाक्य खरं बोललो असतो, तर रजिस्टरं त्याच दिवशी निघाली असती, आणि सुई घेऊन कुणीतरी या ओसरीवर वेळेत आलं असतं. हा हिशोब मी तिथे बसल्या बसल्या करून मोकळा झालो.

आई म्हणत होती की एवढ्या लांबून तुम्ही विचारायला आले, सरकारनं ध्यान ठेवलं, तेवढंच बरं वाटलं. ती मला हात जोडत होती. वंदना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, वय फार तर एकोणीस. माझ्याकडे बघत नव्हती. तिनं चंद्रकलाबाईंना विचारलं.

"बाई, मी अमावास्येले नाला ओलांडून माहेरी आली, म्हनून झालं का हे? सासू थेच म्हनून राहिली. न्यायलेबी कोनी आलं नाही."

चंद्रकलाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. चौकशीत बघितलं नव्हतं, आता बघत होत्या.

"नाही, बाई," मी म्हटलं. "तुमचं काही चुकलं नाही. तुमाले दुसरी सुई द्यायची होती. माहेरी गेली म्हंजे तिचं पूर्ण झालं, असं मी नर्सबाईले सांगतलं होतं. मी चुकीचं सांगतलं. मंग समजलं तरी मी चूप बसलो. म्हनून झालं."

आईचे जोडलेले हात खाली आले. ती एकदा चंद्रकलाबाईंकडे आणि एकदा माझ्याकडे बघायला लागली. चंद्रकलाबाई एवढंच म्हणाल्या की खरं हाय. मला वाटलं आता वंदना रडेल, किंवा मला घराबाहेर काढेल, आणि तिनं काढलं असतं तर मी गेलो असतो. ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"हे माझ्या सासरी येऊन सांगता का?"

मी हो म्हटलं. ती आत गेली. आत तिनं आईला काहीतरी सांगितलं, आई नको म्हणाली, तिनं पुन्हा सांगितलं. पिशवीत दोन लुगडी घालून ती बाहेर आली आणि चपला शोधायला लागली. सौंसरची बस दीड वाजता होती. आम्ही तिघं रस्त्यावर येऊन उभे राहिलो तेव्हा चंद्रकलाबाई मला जरा बाजूला घेऊन म्हणाल्या, "सासूपुढे पहिलं वाक्य तुमी बोलायचं, बाबूजी. आन् फॉर्मचं नाव काढायचं नाही."